मोनो भाषेतला 'व़': ओठ उडवून म्हणायचं व्यंजन

तिठ्यावरचा
नकाशात काँगो उघडा. किन्शासावाला, ब्राझाव्हिलवाला नव्हे. अगदी वरचा, वायव्येचा कोपरा बघा. उबांगी नदी पूर्वेकडून येते आणि बांगी शहराजवळ एकदम दक्षिणेला वळते. त्या वळणाच्या पोटात मोनो नावाची भाषा बोलली जाते. बोलणारे साधारण ६५,०००, तोही आकडा १९८४ चा. नदीपलीकडे मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक. तिथे या भाषेची भावंडं आहेत, त्या गटाला बांदा म्हणतात. मोनोच्या स्वतःच्या पाच बोली: बिली, बुबांदा, म्पाका, गालाबा आणि कागा.

शोधायला जाल तर सावध. कॅलिफोर्नियातल्या मूलनिवासींची एक मोनो आहे, सॉलोमन बेटांवर एक आहे आणि कॅमेरूनमध्येही एक आहे. एकीचा दुसरीशी काडीचा संबंध नाही.

या भाषेवर धागा काढायचं कारण म्हणजे तिच्यातलं एक व्यंजन. आधी आपला ळ म्हणून बघा. 'काळा', 'बाळ'. जिभेचं टोक मागे वळतं आणि पुढे येता येता टाळूला ओझरता फटका मारून खाली पडतं. ते टाळूवर टेकून थांबत नाही, आणि 'र'सारखं थरथरतही नाही. एकच फटका. आता हेच काम जिभेऐवजी खालच्या ओठाला सांगा. ओठ आत ओढून वरच्या दातांच्या मागे न्यायचा, थोडा ताणायचा आणि सोडायचा. बाहेर उडताना तो दातांच्या कडेला चाटून जातो. कंठ चालू ठेवायचा, म्हणजे ध्वनी घोष होतो. झालं व्यंजन.

देवनागरीत त्याला अक्षर नाही, म्हणून या धाग्यापुरता मी व ला नुक्ता देतो: व़. मोनोत 'व़ा' म्हणजे पाठवणं. त्यांच्या रोमन लिपीत हा ध्वनी व्ही आणि डब्ल्यू शेजारी शेजारी लिहून दाखवतात. तेही एक प्रकारे जुगाडच, पण टंकायला सोपा.

मुद्दा असा की मोनोत हा ध्वनी नुसती गंमत नाही. आपण 'व्हिडिओ' आणि 'वॉटर' लिहिताना जो भेद दाखवायची धडपड करतो (आणि बोलताना बहुतेकदा सोडून देतो), तो मोनोला पाळावाच लागतो. त्यावर हा तिसरा. व्ह, व, व़ असे तीन वेगवेगळे वर्ण, आणि ते बदलले की शब्द बदलतो.

आता थोडा इतिहास. भाषाशास्त्रज्ञ क्लेमंट डोक यांनी १९३१ मध्ये झिम्बाब्वेकडच्या शोना भाषेच्या ध्वनींवर लिहिलं, त्यात हा ओठाचा फटका नोंदवलेला आहे. म्हणजे माहिती होतीच. पण पुढची कित्येक वर्षं आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीच्या (कुठल्याही भाषेतला उच्चार लिहायच्या चिन्हांच्या) तक्त्यात त्याला जागा नव्हती. कारण असं दिलं जायचं की हा ध्वनी फार थोड्या भाषांत आहे, आणि जिथे आहे तिथे बहुतेक अनुकरणवाचक शब्दांतच येतो. आपण नापसंती दाखवायला तोंडाने 'च्च' करतो ना, तसा. तो 'च्च' मराठीत रोज ऐकू येतो, पण मराठीची वर्णमाला लिहिताना त्याला कुणी धरत नाही. तोच न्याय इथे लावला गेला.

मोनोने ही सबब काढून घेतली. 'पाठवणं' हे काही अनुकरणवाचक क्रियापद नाही, रोजच्या वापरातलं साधं क्रियापद आहे. केनेथ ओल्सन यांनी मोनोच्या ध्वनिरचनेवर २००१ मध्ये शिकागो विद्यापीठात पीएचडी केली. मग जॉन हायेक यांच्याबरोबर त्यांनी जगभरातल्या नोंदी गोळा केल्या आणि २००३ मध्ये मांडलं की हा ध्वनी सत्तरहून अधिक भाषांत नोंदलेला आहे. बहुतेक मध्य आफ्रिकेतल्या, काही आग्नेय आफ्रिकेतल्या, आणि एक चुकार पार इंडोनेशियात, फ्लोरेस बेटावरची सिका. २००५ मध्ये ध्वनिलिपीच्या संघटनेने चिन्ह मंजूर केलं: व्ही अक्षर, त्याच्या उजव्या टोकाला बाहेर वळलेला आकडा. २००८ मध्ये ते युनिकोडमध्ये आलं. १९३१ ते २००५, हिशेब तुम्हीच करा.

माझं मत विचाराल तर 'दुर्मिळ' हा शब्द इथे फसवा आहे. सत्तर भाषांतला ध्वनी दुर्मिळ ठरला, कारण तक्ता करणाऱ्यांच्या तोंडात तो नव्हता आणि कानालाही तो पटकन सापडत नाही. नुसत्या आवाजावर त्याला व किंवा ब समजणं सहज शक्य आहे. समोर बसून बोलणाऱ्याचा ओठ पाहिला की मात्र शंका उरत नाही.

बाकीची रचना धावती सांगतो. व्यंजनं एकूण ३३. त्यांत क्प, ग्ब आणि अनुनासिकासकट ङ्म्ग्ब असे एका झटक्यात म्हणायचे ध्वनी. हवा आत ओढून म्हणायचे ब आणि ड वेगळे. स्वर आठ, आणि तेही तिरपे: मागच्या बाजूला 'ओ'ला 'ऑ'सारखा उघडा जोडीदार आहे, पुढच्या बाजूला 'ए'ला तसा जोडीदार नाही. मधल्या घरात आपला अ, आ, आणि शिवाय इ आणि उ यांच्या मधला एक, ओठ गोल न करता म्हणायचा. सूर (अक्षर म्हणतानाची आवाजाची उंची, ती बदलली की अर्थ बदलतो) तीन: खालचा, मधला, वरचा. आणि नामांना एकाक्षरी राहायला परवानगी नाही. धातू एकाक्षरी असेल तर त्याचाच स्वर सुरुवातीला जोडून दोन अक्षरं पुरी केली जातात.

प्रश्न, शंका, टोमणे, सगळ्याचं स्वागत.

मुकावाचक
भारी धागा. ऑफिसात वाचत होतो, ओठ उडवायचा प्रयत्न केला तर शेजारचा विचारतो दात दुखतोय का. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

हिशेबनीस
लेख चांगला आहे, वाद नाही. पण ६५ हजार लोकांची भाषा, तिच्यातलं एक व्यंजन, त्यावर एवढा खल. आपल्याकडे निम्म्या लोकांना 'ण' आणि 'न' नीट म्हणता येत नाही, त्यावर कुणी धागा काढत नाही.

तिठ्यावरचा
@हिशेबनीस, ण-न वर इथे इतके धागे निघालेत की एकाचा तर काश्मीर झाला होता. तो पुन्हा उकरायचा नाही.

उपयोगाचं म्हणाल तर ध्वनिलिपीचा तक्ता हे जगभरच्या कोशांचं आणि वाचादोष तपासणाऱ्यांचं हत्यार आहे. त्यात एक घर रिकामं होतं, ते भरलं गेलं. ते भरायला ज्या भाषा कामी आल्या त्यांत ही ६५ हजारांची भाषा पुढे होती.

अण्णा_डोंबिवली
ग्ब वर शंका. हे आपलं जोडाक्षरच नाही का? 'वाग्बाण' म्हणताना आपणही ग आणि ब सलग म्हणतो. मग त्याला स्वतंत्र व्यंजन कशाला मानायचं? एक ग, एक ब, विषय संपला.

तिठ्यावरचा
अण्णा, हाच प्रश्न यायला हवा होता. दोन उत्तरं आहेत, एक तोंडाचं आणि एक हिशेबाचं.

तोंडाचं आधी. 'वाग्बाण' सावकाश म्हणा. वाग्-बाण. ग पहिल्या अक्षरात अडकतो, ब दुसरं अक्षर सुरू करतो. आता शब्दाची सुरुवातच ग्ब ने करा. जिभेची मागची बाजू पडजिभेच्या अलीकडे टेकलेली आणि ओठही मिटलेले, दोन्ही दारं एकदम बंद. मागचं दार किंचित आधी लागतं आणि ओठ शेवटी उघडतात, म्हणून ऐकणाऱ्याला ब जास्त जाणवतो. पण मधल्या काळात दोन्ही बंद असतात. दोन व्यंजनांना लागतो तेवढा वेळ इथे लागत नाही.

हिशेबाचं उत्तर मला जास्त पटतं. मोनोत दोन स्पर्शव्यंजनं अशी सलग कुठेच येत नाहीत. प्त नाही, क्त नाही, ग्द नाही, ब्ग सुद्धा नाही. मग सगळ्या शक्यतांतून क्प आणि ग्ब एवढ्याच दोन जोड्यांना कुणी परवानगी दिली? जोडाक्षर मानलं तर हा अपवाद समजावता येत नाही. एक व्यंजन मानलं तर अपवादच उरत नाही. शिवाय त्यांच्या आधी अनुनासिक आलं तर तेही दुहेरी होतं, ङ आणि म एकदम.

वैदर्भी
म्हणजे फुटबॉलवाला ड्रोग्बा आपण सगळे चुकीचा म्हणतो?

तिठ्यावरचा
हो. समालोचकही 'ड्रोग-बा' म्हणतात. तो आयव्हरी कोस्टचा, भाषा वेगळी, पण ग्ब तोच. ड्रो-ग्बा असं तोडायला हवं. नायजेरियातल्या इग्बोंचंही तसंच, इ-ग्बो.

किन्शासाकर
किन्शासात औषधांच्या घाऊक धंद्यात आहे, त्यामुळे थोडी भर घालतो. मोनो बोलणारा माणूस इथे भेटला तरी तो तुमच्याशी मोनो बोलणार नाही, लिंगाला या इथल्या सामायिक भाषेत बोलेल. बाजार, गाणी, पोलीस, चर्च, सगळीकडे लिंगाला. कागदोपत्री फ्रेंच. लिंगालाला सूर दोनच, आणि लिहिताना तेही कुणी दाखवत नाही. 'मोतो' म्हणजे माणूस, पण शेवटचं अक्षर वर नेलं की डोकं. मी सुरुवातीला सगळ्यांना एका सुरात बोलायचो. गोदामातली पोरं समजून घ्यायची, पण माझी नक्कल करताना मुद्दाम सपाट बोलायची, ते अजून चालू आहे.

आता ग्ब बद्दल. काँगोचा जुना हुकूमशहा मोबुटू, त्याचं पूर्ण नाव आठवा: मोबुटू सेसे सेको कुकू न्ग्बेंदू वा झा बांगा. तो न्ग्बांदी समाजाचा. त्याने गावाकडे जे राजवाडे बांधले आणि काँकॉर्ड विमान उतरेल एवढी धावपट्टी केली, ते ग्बादोलिते. सगळा ग्ब चा मुलूख आहे तो, तुमची मोनोही तिथलीच शेजारीण.

आणि इबोला. ती नदीही त्याच भागातली. न्ग्बांदीत तिचं नाव 'लेग्बाला' असं सांगतात. फ्रेंच कानांना ग्ब काही पेलला नाही, नुसता ब राहिला, आणि सुरुवातीचा ल त्यांना फ्रेंचमधलं उपपद (इंग्रजी 'द'सारखं) वाटला असावा म्हणून तोही गळाला. १९७६ च्या साथीला नाव द्यायची वेळ आली तेव्हा नकाशावरचं हे फ्रेंच रूपच उचललं गेलं.

मुकावाचक
ही इबोलाची माहिती कमाल आहे. _/\_

तिठ्यावरचा
@किन्शासाकर, दंडवत. आणि बघा, मी वर म्हटलं तसंच झालंय: ग्ब मधला ब शेवटी सुटतो म्हणून तोच परक्या कानात राहतो. लेग्बालातला ग गेला, ब टिकला.

उल्हासनगरची_रेखा
हवा आत ओढून म्हणायचे ब आणि ड, हे वाचून थांबले. आमच्या घरी सिंधी बोलतात. आमच्याकडे असे चार आहेत: ग, ज, ड, ब. देवनागरीत सिंधी लिहिताना त्यांच्यासाठी खास अक्षरं आहेत, खाली आडवी रेघ असलेली: ॻ ॼ ॾ ॿ. आजोबा फाळणीनंतर कॅम्पात आले तेव्हापासून घरात दोन्ही भाषा. मला वाटायचं हे ध्वनी जगात फक्त आमच्याकडेच. मोनोतले हेच का?

तिठ्यावरचा
रेखाताई, हेच. मोनोतले दोन तुम्ही ॿ आणि ॾ असे बिनधास्त लिहू शकता. म्हणजे या धाग्यात मी नुक्ते शोधत बसलो होतो आणि त्या दोन ध्वनींना देवनागरीत अक्षरं तयारच होती.

इतरांसाठी: साधा ब म्हणताना फुप्फुसातून हवा बाहेर ढकलली जाते. ॿ म्हणताना ओठ मिटलेले असतानाच स्वरयंत्र खाली सरकतं, तोंडातला दाब कमी होतो आणि ओठ उघडताना हवा क्षणभर आत येते. गळ्यावर बोट ठेवून म्हटलंत तर कंठमणी खाली गेलेला बोटाला कळतो. ज्यांच्या शेजारी सिंधी कुटुंब आहे त्यांनी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, तरुणांपेक्षा त्यांच्या बोलण्यात फरक जास्त स्पष्ट ऐकू येतो असा माझा अंदाज.

उल्हासनगरची_रेखा
अंदाज बरोबर आहे. माझी मुलगी साधाच ब म्हणते. आजी तिला दरवेळी टोकते.

हिशेबनीस
बरं, एक खरा प्रश्न विचारतो. सिंधी कुठे, काँगो कुठे. सारखे ध्वनी दोन्हीकडे कसे? एकमेकांकडून तर घेतले नसतील.

तिठ्यावरचा
नाही, दोन्हीकडे स्वतंत्रपणे आले. स्वरयंत्र थोडं खाली सरकवलं की घोष ध्वनी टिकवणं सोपं जातं, त्यामुळे हा मार्ग भाषांना परत परत सापडतो.

पण आफ्रिकेच्या आतला प्रश्न वेगळा आहे आणि जास्त रंगतदार आहे. नकाशावर ग्ब-क्प असलेल्या भाषा रंगवा. पश्चिमेला गिनीच्या किनाऱ्यापासून पूर्वेला काँगोच्या ईशान्य टोकापर्यंत आडवा पट्टा तयार होतो. या भाषा एका कुळातल्या नाहीत. ओठाच्या फटक्याचे ठिपकेही मुख्यतः याच पट्ट्याच्या मधल्या आणि पूर्वेकडच्या भागात पडतात. टॉम ग्युल्डेमान यांनी २००८ मध्ये याला मॅक्रो-सुदान पट्टा असं नाव दिलं. सुदान म्हणजे इथे तो देश नव्हे, सहाराच्या खालचा जुन्या अर्थाचा भूप्रदेश. कुळ वेगळं असूनही शेजारामुळे ध्वनी सारखे झालेले.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. ट ठ ड ढ ण ळ घ्या. मराठी इंडो-आर्य, तेलुगू-कन्नड द्राविडी, संथाली-मुंडारी तिसऱ्याच कुळातल्या, आणि मूर्धन्य ध्वनी कमीजास्त सगळ्यांकडे. मरे एमेनो यांनी १९५६ मध्ये भारत हा एक भाषिक प्रदेश आहे असं मांडलं तेव्हा हा त्यांचा एक मुख्य पुरावा होता.

अण्णा_डोंबिवली
मग मोनो स्वतः कुठल्या कुळातली?

तिठ्यावरचा
इथे भांडण आहे. भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांच्या १९६३ च्या वर्गीकरणात हा गट नायजर-काँगो या अवाढव्य कुळात घातला गेला. उबांगी गट म्हणतात त्याला. नंतर काहींनी आक्षेप घेतला की पुरावा तोकडा आहे, गेरिट दिमेंडाल त्यांतले एक. शेजारच्या लिंगालासारख्या बांतू भाषांशी नातं जवळचं नाही एवढं मात्र सगळ्यांना मान्य आहे. शब्द कानावर पडले तरी हे जाणवतं. बांतू भाषांत नामाचा वर्ग दाखवणारे उपसर्ग वाक्यातल्या इतर शब्दांनाही लागतात, नामामागून अशी सगळी वरात येते, मोनोत ती नाही.

वैदर्भी
ओठांच्या बाबतीत याहून विचित्र काही आहे का कुठे?

तिठ्यावरचा
आहे, आणि तेही काँगोतच. ईशान्येला मांगबेतू भाषा. तिच्यात ओठाचा फटका आहेच, शिवाय दोन्ही ओठ थरथरवून म्हणायचा 'ब्र्र्र' हे पूर्ण व्यंजन आहे. घोष, अघोष आणि अनुनासिक जोडलेलं, असे तीन प्रकार. दिदिए दमोलाँ यांनी त्यावर बरंच काम केलं आहे. आपण थंडीत करतो तो ब्र्र्र, आणि त्यातही कंठ चालू की बंद यावर शब्द बदलतो.

मुकावाचक
आता हे ऑफिसात करून पाहत नाही.

तबलजी
सुरांबद्दल विचारायचं होतं. तीन सूर म्हणजे सा, ग, प असं काही नक्की अंतर असतं का? का नुसतं वर-खाली? आणि वाक्यभर बोलल्यावर आवाज आपोआप उतरतो, तेव्हा वरचा सूर आणि मधला सूर यांत गोंधळ होत नाही का?

तिठ्यावरचा
नक्की अंतर नसतं. बाईचा खालचा सूर पुरुषाच्या वरच्या सुरापेक्षा उंच असू शकतो. कान शेजारच्या अक्षराशी तुलना करतो, तंबोऱ्याशी नाही. वाक्य पुढे जाताना सगळी पट्टी हळूहळू खाली घसरते हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर, बऱ्याच आफ्रिकी भाषांत हे होतं. पण ऐकणारा पट्टीसकट घसरतो, त्यामुळे वाक्याच्या शेवटचा 'वरचा' सुरुवातीच्या 'मधल्या' एवढा खाली आला तरी त्याला तो वरचाच वाटतो.

मोनोत सूर शब्दांचे अर्थ तर बदलतोच, व्याकरणातही कामाला येतो. पंजाबी ऐकणाऱ्यांना सुराची थोडी कल्पना असेल. त्यांचा 'घोडा' आणि 'कोडा' (चाबूक) यांत आता घ-क चा फरक उरलेला नाही, नुसत्या सुराचा आहे. नदीपलीकडच्या सांगो भाषेतही तीनच सूर, आणि तिथे ते लिहायची सोय १९८४ च्या नियमांनी केली आहे: वरच्या सुराला डोक्यावर टोपी, मधल्याला दोन टिंबं, खालचा बोडका.

किन्शासाकर
सुरांवरून काँगोतल्याच किसांगानी शहराकडचा एक प्रसिद्ध किस्सा. तिकडे केले नावाची भाषा आहे, बोलणारे लोकेले लोक. सूर दोनच. जॉन कॅरिंग्टन नावाचे मिशनरी तिथे याकुसूला होते, १९४९ मध्ये त्यांनी तिथल्या बोलक्या ढोलांवर पुस्तक लिहिलं. त्यांनी दिलेलं उदाहरण: 'आलांबाका बोइली'. एका सुरात 'त्याने नदीकाठावर नजर ठेवली'. दुसऱ्या सुरात 'त्याने सासूला उकडली'.

वैदर्भी
खपले. जावयांनी केले शिकताना जपून.

तबलजी
बोलके ढोल म्हणजे सुरांवर बोलणारे ना? मग ढोलात व्यंजनं-स्वर काहीच नाही, फक्त दोन सूर. दोन सुरांत शब्द कसा ओळखू येणार? हजार शब्दांचा सूर एकच असेल.

किन्शासाकर
बरोबर पकडलंत. म्हणून ढोलावर सुटा शब्द वाजवतच नाहीत. 'सोंगे' म्हणजे चंद्र आणि 'कोको' म्हणजे कोंबडी, दोन्ही वर-वर. तेव्हा चंद्रासाठी पूर्ण वाक्य ठरलेलं आहे: सोंगे ली तांगे ला मांगा, जमिनीकडे खाली पाहणारा चंद्र. कोंबडीसाठी: कोको ओलोंगो ला बोकिओकिओ, 'किओकिओ' करणारी छोटी कोंबडी. लांबी वाढली की सुरांचा नमुना दुसऱ्याशी जुळत नाही. साध्या बोलण्यापेक्षा ढोलाचा निरोप कित्येक पट लांब होतो. ढोल म्हणजे चामड्याचा नव्हे, आतून पोखरलेला लाकडाचा ओंडका, वर फट. फटीचे दोन्ही काठ वेगवेगळ्या जाडीचे, म्हणून दोन सूर.

हिशेबनीस
हे मात्र खरंच आवडलं. दोन सुरांत संदेश, आणि चूक टाळायला जास्तीचा मजकूर. आमच्या क्षेत्रात याला पैसे मोजावे लागतात.

तबलजी
मग तीन सुरांच्या मोनोसारख्या भाषेत ढोल बोलतात का? तिथे तर काम सोपं व्हायला हवं.

तिठ्यावरचा
मोनोच्याच गटातली, नदीपलीकडची बांदा-लिंदा घ्या. तिलाही तीन सूर, आणि तिच्या ढोलभाषेवर फ्रान्स क्लोआरेक-हाइस आणि सिम्हा आरोम यांचं काम आहे. सोपं होतं असं मात्र म्हणता येत नाही. एक सूर वाढला तरी व्यंजनं आणि स्वर गेलेलेच असतात, त्यामुळे ठरीव वाक्प्रयोगांची गरज तिथेही सुटत नाही.

आरोम यांचं नाव तुम्हाला दुसऱ्या कारणासाठी आवडेल. बांदा-लिंदांचा तुताऱ्यांचा ताफा त्यांनी ध्वनिमुद्रित केला आणि बारकाईने मांडून दाखवला. प्रत्येक वादकाच्या तुतारीला एकच सूर. वादक मोठ्या संख्येने असतात आणि प्रत्येक जण आपल्या जागेवर आपला एकेक सूर टाकतो, त्यातून सगळी चाल विणली जाते. यावर स्वतंत्र धागा काढायला हवा. तालाची बाजू तुम्ही लिहिणार असाल तर मी काढतो.

तबलजी
काढा. आवर्तन किती मात्रांचं ते आधी कळवा, बाकीचं बघतो.

अण्णा_डोंबिवली
आणि त्या धाग्यात व़ आला की नुक्ता विसरू नका. मोबाइलवर सापडत नाहीये, इथूनच चिकटवतोय.